उलट टपाली उत्तर वाटेत हरवते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर प्रोग्रामिंग कोणत्या इयत्तेपासून शिकवावे आणि कोणत्या माध्यमातून शिकवावे, यावर अधूनमधून बरेच लिहिले जाते. ते प्रत्यक्ष वर्गात कसे शिकवले जाते, यावर मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. गेली सोळा वर्षे मी पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवत आहे आणि या पत्रात एकाच लहानशा मुद्द्याविषयी लिहिणार आहे. रिकर्शन, म्हणजे पुस्तकी मराठीत ज्याला पुनरावर्तन म्हणतात ते, शिकवताना फंक्शनने, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या प्रोग्रामच्या नाव दिलेल्या तुकड्याने, स्वतःलाच हाक कशी मारायची हे आपण मन लावून शिकवतो. पण त्या हाकेला आलेले उत्तर हातात घेऊन मागे कसे पोचवायचे, हे शिकवायचे राहून जाते. वर्तमानपत्राच्या मानाने हा मुद्दा फारच तांत्रिक वाटेल, याची मला जाणीव आहे. तरीही दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत नेमक्या याच जागी चांगली, विचार करणारी मुले अडखळताना दिसतात, म्हणून तो शिक्षकांच्या खोलीबाहेर मांडावासा वाटला.

गेल्या सत्रातील एका प्रात्यक्षिकाचा प्रसंग सांगते. दोन संख्यांचा मसावि काढणारे फंक्शन पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रिकर्शनने लिहायचे होते. पद्धत मुलांना नवीन नव्हती. भागाकार पद्धतीने मसावि काढणे ती शाळेतच शिकलेली असतात, आणि युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे तीच ही पद्धत. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे, मग भाजकाला बाकीने भागायचे, आणि बाकी शून्य येईपर्यंत असेच करत राहायचे. एका विद्यार्थ्याने अ आणि ब या दोन संख्या घेणारे फंक्शन लिहिले. त्यातली पहिली अट अशी होती की ब शून्य असेल तर 'रिटर्न अ', म्हणजे अ हेच उत्तर परत द्या. 'अन्यथा'च्या खाली त्याने पुन्हा मसाविलाच हाक मारली होती. या वेळी पहिल्या जागी ब, आणि दुसऱ्या जागी अ ला ब ने भागल्यावर उरणारी बाकी. २५२ आणि १०५ या संख्या देऊन त्याने प्रोग्राम चालवला, तेव्हा पडद्यावर उत्तर आले 'नन', म्हणजे पायथनच्या बोलीत 'काहीही नाही'.

मुलगा हुशार होता. त्याने वहीत हाताने गणित करून पाहिले: २५२ ला १०५ ने भागल्यावर बाकी ४२, १०५ ला ४२ ने भागल्यावर बाकी २१, ४२ ला २१ ने भागल्यावर बाकी शून्य, म्हणजे मसावि २१. मग त्याने 'रिटर्न अ'च्या आधीच्या ओळीत अ छापायची सूचना घातली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर आधी २१ उमटले आणि त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा 'नन'. मला बोलावून तो म्हणाला, "मॅडम, उत्तर आत बरोबर येतंय, पण बाहेर येत नाहीये."

दोष काय आहे हे त्याने स्वतःच नेमक्या शब्दांत सांगितले होते. 'अन्यथा'च्या ओळीत मसाविच्या आधी 'रिटर्न' हा शब्द नव्हता. ते दाखवल्यावर त्याने विचारलेला प्रश्न असा, की "रिटर्न वर एकदा लिहिलाय की, परत कशाला लिहायचा?" ही शंका दर वर्षी कोणीतरी विचारतेच, आणि जे विचारत नाहीत त्यांनाही ती असतेच.

या शंकेच्या मुळाशी असा समज असतो की फंक्शन एकच आहे, ते आतल्या आत फिरत राहते आणि कुठेतरी 'रिटर्न' भेटला की उत्तर थेट बाहेर पडते. वास्तवात इथे चार वेगवेगळ्या हाका झालेल्या असतात: २५२ आणि १०५ यांची पहिली, १०५ आणि ४२ यांची दुसरी, ४२ आणि २१ यांची तिसरी, आणि २१ व शून्य यांची चौथी. प्रत्येक हाकेचे अ आणि ब स्वतंत्र असतात, आणि प्रत्येक हाक आपल्या पुढच्या हाकेच्या उत्तराची वाट पाहत थांबलेली असते. चौथी हाक २१ हे उत्तर उलट टपाली पाठवते, परंतु पाकिटावरचा पत्ता असतो फक्त तिसरीचा. तिसरीला ते पाकीट मिळते. त्याचे काय करायचे हे तिच्या ओळीत लिहिलेलेच नसल्यामुळे ती ते टाकून देते, आपली शेवटची ओळ संपवते आणि दुसरीला रिकामे पाकीट धाडते. दुसरी पहिलीला तेच करते. 'रिटर्न'चा पत्ता नेहमी एकच असतो आणि तो म्हणजे ज्याने हाक मारली त्याचा. प्रोग्राम ज्याने सुरू केला त्याच्यापर्यंत उत्तर पोचायचे असेल, तर मधल्या प्रत्येकाने ते पुढे धाडायला हवे.

तास संपल्यावर मी तोच प्रोग्राम, तीच चूक तशीच ठेवून, सी भाषेत टाइप केला. उत्तर आले २१! हा योगायोग होता, पण असा योगायोग वारंवार घडतो आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या नेहमीच्या संगणकांत पूर्णांकी उत्तर परत देणारे फंक्शन ते उत्तर प्रोसेसरमधल्या एका ठरावीक जागी, म्हणजे एका रजिस्टरमध्ये, ठेवून जाते. चौथ्या हाकेने तिथे २१ ठेवले. तिसरी, दुसरी आणि पहिली या काहीच न करता परतल्या, त्यामुळे त्या जागेला कोणाचा हात लागला नाही, आणि मूळ प्रोग्रामने तिथे पाहिले तर २१ तसेच पडलेले होते. सी भाषेचे प्रमाणित नियम याला थारा देत नाहीत. ज्या फंक्शनने मूल्य परत दिलेलेच नाही, त्याचे मूल्य वापरले तर पुढे काय होईल याची कोणतीही हमी ती भाषा देत नाही. कंपायलरला, म्हणजे आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, सर्व धोक्याच्या सूचना द्यायला सांगितले तर तो या ओळीवर बोट ठेवतो, आणि वेग वाढवण्याचे ऑप्टिमायझेशन चालू केले तर उत्तर बदलूही शकते. परंतु आमच्याकडच्या प्रयोगशाळांत या दोन्ही गोष्टी सहसा कोणी करत नाही.

हीच चूक जावात केली तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. जावास्क्रिप्टमध्ये 'अनडिफाइन्ड' असे उत्तर येते. रुबीमध्ये तर ही चूकच ठरत नाही, कारण तिथे फंक्शनमध्ये शेवटी निघालेले मूल्य आपोआप परत जाते. म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या एकाच गैरसमजाला एका भाषेत पूर्ण गुण, दुसरीत शून्य आणि तिसरीत परीक्षकाचे दर्शनसुद्धा नाही, अशी ही अवस्था आहे. पहिल्या वर्षी सी शिकताना ज्याचा मसावि असा नशिबाने बरोबर आला, तो विद्यार्थी दुसऱ्या वर्षी पायथनपुढे बसतो तेव्हा त्याला पायथन ही भाषाच विचित्र वाटते. त्याचा रिकर्शनविषयीचा गैरसमज वर्षभर पूर्ण गुणांसह सांभाळला गेलेला असतो, आणि यात दोष त्याचा नाही, फक्त पडद्यावरचे उत्तर पाहून गुण देणाऱ्या आमच्यासारख्यांचा आहे.

आता पाठ्यपुस्तकांकडे वळते. रिकर्शनचे पहिले उदाहरण हटकून फॅक्टोरियलचे, म्हणजे एकपासून एनपर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचे, असते. 'रिटर्न एन गुणिले फॅक्ट, कंसात एन वजा एक' ही ओळ मुले पाढ्यासारखी पाठ करतात, आणि तोंडी परीक्षेत झोपेतून उठवून विचारले तरी म्हणून दाखवतात. उदाहरण चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, पण ते नेमकी अडचण झाकते. इथे आलेल्या उत्तराला एन ने गुणायचे असते. काहीतरी करायचे असल्यामुळे ओळीची सुरुवात 'रिटर्न'ने आपोआप होते. मसाविमध्ये मधल्या हाकांना काहीच करायचे नसते, आलेले उत्तर जसेच्या तसे पुढे द्यायचे असते, आणि ज्याला काही करायचेच नाही त्याला ते पुढे द्यायचे असते हेही सुचत नाही. (फॅक्टोरियलची आणखी एक खोड अशी की ३२ बिटांच्या पूर्णांकात १२ चे फॅक्टोरियल, म्हणजे ४७,९०,०१,६००, मावते आणि १३ चे मावत नाही. मग १३ ला भलताच आकडा आला की मुले रिकर्शनमध्ये चूक शोधत बसतात.)

पुस्तकातले दुसरे लाडके उदाहरण म्हणजे हनोईचा मनोरा, म्हणजे लहानमोठ्या चकत्यांची चळत एका खांबावरून दुसऱ्यावर नेण्याचे कोडे. एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये हे कोडे आणले, आणि रिकर्शनचे सौंदर्य दाखवायला ते उत्तमच आहे. परंतु नेहमीच्या प्रोग्रामात ते फंक्शन काही परतच देत नाही, चकती कुठून कुठे हलवायची एवढे छापत जाते. म्हणजे ज्या दोन उदाहरणांवर विद्यार्थ्याची रिकर्शनची समज उभी राहते, त्यांपैकी एकात 'रिटर्न' पाठ केलेला असतो आणि दुसऱ्यात तो नसतोच.

याच्या अगदी उलट चूकही तितकीच होते, आणि ती समजवायला मी वंशावळ घेते. जातीच्या दाखल्याच्या निमित्ताने वंशावळीचा कागद बहुतेक मुलांनी घरी पाहिलेला असतो. प्रश्न असा की, मूळ पुरुषापासून सुरुवात करून दिलेल्या नावाची व्यक्ती वंशावळीत आहे का, ते शोधायचे. नाव जुळले तर ती व्यक्ती परत द्यायची, नाहीतर तिच्या प्रत्येक अपत्याच्या शाखेत शोध घ्यायचा. आधीच्या तासाला 'रिटर्न विसरू नका' असे मी बजावलेले असल्यामुळे मुले आता अपत्यांच्या लूपमध्ये, म्हणजे एकेका अपत्यासाठी तीच सूचना पुन्हा चालवणाऱ्या भागात, शोधाच्या हाकेआधी इमानेइतबारे 'रिटर्न' लिहितात. परिणामी फंक्शन थोरल्या मुलाच्या घरी विचारते, तिथून 'नाही' आले की तेच उत्तर घेऊन माघारी जाते, आणि धाकट्या तिघांच्या दारात कोणी जातच नाही. इथे आलेले उत्तर आधी हातात धरावे लागते, ते पाहावे लागते, सापडले असेल तर परत द्यावे लागते, नसेल तर पुढच्या दाराकडे जावे लागते, आणि सगळी दारे संपल्यावरच 'नाही' म्हणावे लागते. 'रिटर्न लिहा' हा नियम म्हणून सांगितला तर मुले एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडतात.

काही विद्यार्थी या कटकटीतून पळवाट काढतात. फंक्शनच्या बाहेर एक यादी ठेवायची आणि सापडेल ते तिच्यात टाकत जायचे, म्हणजे परत द्यायला नको. प्रोग्राम पहिल्यांदा बरोबर चालतो. दुसऱ्यांदा हाक मारली की पहिल्या शोधाची माणसेही दुसऱ्या शोधात हजर होतात. हीच यादी पायथनमध्ये फंक्शनच्या कंसात आधीच रिकामी मांडून ठेवली तरी सुटका नाही, कारण ती यादी फंक्शन तयार होताना एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक वेळी तीच वापरली जाते. या पळवाटेला मी शून्य गुण देत नाही, पण दोनदा चालवून दाखवायला सांगते.

हे सगळे विद्यार्थ्यांच्या आळसामुळे होते असे मला वाटत नाही, कारण 'परत कुठे जायचे' हा प्रश्न या विद्येच्या सुरुवातीला मोठ्यामोठ्यांनाही पडलेला होता. आयबीएमचे फोर्ट्रान १९५७ मध्ये आले, तेव्हा त्यात रिकर्शनची सोय नव्हती. त्या काळच्या कित्येक यंत्रांवर उपप्रोग्रामचा परतीचा पत्ता एका ठरलेल्या जागीच लिहिला जाई. तोच उपप्रोग्राम संपण्याआधी पुन्हा बोलावला, तर पहिल्या पत्त्यावर दुसरा पत्ता लिहिला जाई आणि परतीची वाट पुसली जाई. अल्गोल ६० या भाषेने रिकर्शनला मोकळीक दिली, आणि डच संगणकतज्ज्ञ डायक्स्ट्रा यांनी परतीचे पत्ते आणि प्रत्येक हाकेची खाजगी सामग्री एकावर एक रचण्याची, म्हणजे स्टॅकची, पद्धत १९६० मध्येच लेख लिहून मांडली. फोर्ट्रानच्या प्रमाणित आवृत्तीत रिकर्शन अधिकृतपणे यायला फोर्ट्रान ९० उजाडावे लागले. दरम्यान जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरचा आपला प्रसिद्ध लेख एप्रिल १९६० मध्ये छापला होता. त्यात फॅक्टोरियलच्या पाठोपाठ उदाहरण आहे ते मसाविचे. आपल्या पुस्तकांनी त्यांतले पहिले तेवढे उचलले.

परंतु मराठी मुलांसाठी मला सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण याहून पुष्कळ जुने आणि आपल्या व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेजारचे आहे. दहावीपर्यंत वृत्ते शिकलेल्या मुलांना लघु-गुरू समजावून सांगावे लागत नाहीत. मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत, त्याच्या एका चरणात १२ अक्षरे असतात. १२ अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असू शकते, तर एकूण रचना किती? दोनाचा बारावा घात इतक्या. पिंगल या प्राचीन शास्त्रकाराच्या छंदःशास्त्रात, आठव्या अध्यायातल्या चार तोकड्या सूत्रांत, हा घात काढण्याची युक्ती दिली आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि बाजूला 'दोन' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'शून्य' लिहा. असे करत शून्यापर्यंत जा. १२ चे ६, म्हणून दोन. ६ चे ३, म्हणून दोन. ३ चे २, म्हणून शून्य. २ चा १, म्हणून दोन. १ चे काही उरले नाही, म्हणून शून्य. इथपर्यंत फक्त उतरणे झाले, उत्तराचा पत्ताच नाही. आता एक हा आकडा घ्या आणि लिहिलेल्या खुणा उलट्या क्रमाने वाचत मागे या: 'शून्य' दिसला की दुप्पट, 'दोन' दिसला की वर्ग. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे चौसष्ट, आणि चौसष्टाचा वर्ग ४,०९६.

या उदाहरणात उत्तर सगळेच्या सगळे परतीच्या वाटेवर तयार होते, आणि ते डोळ्यांनी दिसते. फळ्यावर खुणांची उतरंड लिहून, परत येताना प्रत्येक खुणेपुढे त्या वेळचा आकडा मी मुलांकडूनच लिहून घेते, आणि मग मधल्या एका खुणेपाशी विचारते, "इथे रिटर्न विसरलात, तर वरच्या खुणेला काय मिळेल?" ज्याचा वर्ग करायचा तो आकडाच हातात नाही, हे पाहून मागच्या बाकावरचाही हसतो. एरवी पायथन तीच गोष्ट अशा थाटात सांगतो की, 'नन' या जातीच्या वस्तूला गुणाकार जमत नाही, आणि तो संदेश इंग्रजीत लाल अक्षरांत वाचून मुले प्रोग्रामच खोडायला घेतात.

लूप लिहून भागत असताना रिकर्शनचा हट्ट कशाला, असे काही सहकारी विचारतात. मसाविपुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पायथन नेहमीच्या मांडणीत साधारण हजार हाकांच्या खोलीनंतर रिकर्शन थांबवतो, आणि फिबोनाची श्रेणीतली, म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज करून पुढची संख्या मिळते त्या श्रेणीतली, तिसावी संख्या साध्यासुध्या रिकर्शनने काढायची तर २६,९२,५३७ हाका माराव्या लागतात, हेही मुलांना दाखवायलाच हवे. पण वंशावळ, संगणकावरचे एकात एक असलेले फोल्डर किंवा कंसात कंस असलेले गणित समोर आले की लूपवाल्यालाही स्वतःच्या हाताने स्टॅक सांभाळत बसावे लागते, आणि तिथे परतीचे उत्तर कोणाचे कोणाला द्यायचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेणाऱ्यांना माझी विनंती अशी आहे की, 'फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहा' हा प्रश्न काही वर्षे विश्रांतीला पाठवावा. त्याऐवजी एक 'रिटर्न' गाळलेला छोटा प्रोग्राम छापून द्यावा, संगणक बंद ठेवावा, आणि प्रत्येक हाकेला काय मिळाले व तिने काय परत दिले, हे विद्यार्थ्याला कागदावर लिहायला सांगावे. सीच्या प्रात्यक्षिकांत कंपायलरच्या सर्व धोक्याच्या सूचना चालू ठेवूनच उत्तर तपासावे. त्यासाठी एक पैसाही खर्च येत नाही, कंपाइल करताना एक छोटा पर्याय जोडावा लागतो एवढेच.

वर्गात मी यंदापासून चार मुलांना चार चिठ्ठ्या देऊन ओळीने उभे करते. नियम एकच, की ज्याने आपल्याला हाक मारली त्याच्याशीच बोलायचे. तिसऱ्याच्या चिठ्ठीवर 'रिटर्न' नसतो. चौथा त्याच्या कानात २१ सांगतो, आणि तो उत्तर माहीत असूनही गप्प उभा राहतो. वर्ग ओरडून त्याला बोल म्हणतो, आणि तो चिठ्ठी उंचावून दाखवतो की यात बोलायला सांगितलेलेच नाही. प्रात्यक्षिकात 'नन' आलेल्या त्या विद्यार्थ्याने पुढच्या आठवड्यात हा तिसरा व्हायचे आपणहून मागून घेतले.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक अध्यापिका,
सातारा जिल्हा